व्हॅलेन्सियात बिऱ्हाड थाटताना: पाद्रोनच्या कागदापासून गल्लीतल्या फायापर्यंत

मी मूळची सांगलीची. गेली नऊ वर्षं व्हॅलेन्सियात, बेनिमाक्लेतमध्ये राहते. हे पूर्वी वेगळं गाव होतं. शहर वाढत वाढत आलं आणि त्याला पोटात घेऊन पुढे गेलं, पण चर्चपुढचा चौक, बुटकी घरं आणि संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून बसणाऱ्या आज्ज्या अजून गावातल्याच आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो, "आम्ही येतोय, काय काय करावं लागेल?" फोनवर जे सांगते ते इथे सलग लिहून काढते. स्पेन मोठा आहे आणि प्रत्येक प्रांताची तऱ्हा निराळी, म्हणून उदाहरणं माझ्या शहराचीच देते.

निघण्याआधी

विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पदवी, पोलिस क्लिअरन्स हे सगळं अपोस्टिल करूनच, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का घेऊनच निघा. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे राज्यातलं प्रमाणीकरण झाल्यावर परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल लागला की कागद इथे चालतो. त्याचं स्पॅनिश भाषांतर मात्र 'त्रादुक्तोर खुरादो' म्हणजे शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं लागतं. दाखला फक्त मराठीत असेल तर तिकडेच इंग्रजी प्रत काढून घ्या. मराठीतून थेट स्पॅनिश करणारा असा भाषांतरकार शोधत बसण्यात महिने जातील.

पोलिस क्लिअरन्स शेवटी काढा, कारण तो जुना झाला की घेत नाहीत. बाकी कागदांच्या रंगीत झेरॉक्स आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो भरपूर ठेवा.

पहिला महिना: पाद्रोन आणि सीतामाई

इथल्या सगळ्या सरकारी कामांची खुंटी म्हणजे 'एम्पाद्रोनामिएन्तो'. महापालिकेत जाऊन 'मी या पत्त्यावर राहते' अशी नोंद करायची आणि त्याचा कागद घ्यायचा. लोक त्याला नुसतं 'पाद्रोन' म्हणतात. आरोग्य कार्ड, मुलांची शाळा, पुढे नागरिकत्व, सगळीकडे तो लागतो. भाडेकरार आणि पासपोर्ट घेऊन जा. कुणाच्या घरात एक खोली घेऊन राहत असाल तर मालकाची किंवा ज्याच्या नावावर करार आहे त्याची सही लागते. म्हणून खोली ठरवतानाच "पाद्रोन करू द्याल ना?" हे विचारून घ्या. नाही म्हणाले तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा. आणि हे कॅलेंडरवर लिहून ठेवा: युरोपीय संघाबाहेरच्या, दीर्घकालीन निवास परवाना नसलेल्या माणसाला ही नोंद दर २ वर्षांनी नव्याने करावी लागते. विसरलात तर नाव काढून टाकतात.

दुसरं काम 'तिए', म्हणजे परदेशी नागरिकाचं ओळखपत्र. सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर आल्यापासून एका महिन्यात अर्ज करायचा. ईएक्स-१७ हा फॉर्म, ७९०-०१२ या चलनाने बँकेत भरलेली फी, फोटो, पाद्रोन आणि मग पोलिस ठाण्यात बोटांचे ठसे. कार्ड हातात यायला त्यानंतर महिना-दीड महिना जातो. कार्डावरचा एनआयई, म्हणजे परदेशी माणसाचा ओळख क्रमांक, तोंडपाठ करा. बँकेपासून मोबाईलच्या सिमपर्यंत सगळे तोच विचारतात.

या सगळ्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. तिचं नाव 'सीता प्रेविया'. आमच्या घरात तिला सीतामाई म्हणतात, कारण ती शोधायला वानरसेना लागते. वेबसाइट उघडावी तर वेळ शिल्लक नाही, दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी लवकर बघत राहा, शेजारच्या गावातल्या कार्यालयाचीही वेळ चालते का ते पाहा. अगदीच जमेना तर 'खेस्तोर' गाठा. हा आपल्या आरटीओबाहेरच्या एजंटासारखा वाटेल, पण इथे तो रीतसर व्यवसाय आहे, पाटी लावून बसतो आणि पावती देतो. जे वेळेच्या अपॉइंटमेंटच विकतात, त्यांच्यापासून मात्र लांब राहा. सरकारी वेळ फुकट असते.

आता नावाची गोष्ट, कारण मराठी माणूस हमखास तिथे अडकतो. स्पॅनिश माणसाला आडनावं दोन, एक वडिलांचं आणि एक आईचं. फॉर्मवर दोन रकाने असतात. आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव. एका कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्या पासपोर्टकडे दोनदा पाहिलं, "मग दामोदर हे पहिलं आडनाव ना?" म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत टाइप करून मोकळ्या झाल्या. तिएवर मी एक, पाद्रोनवर दुसरीच. पुढे दवाखान्याच्या बाकावर बसले असताना दारातून "दामोदर!" अशी हाक आली. मी उठेचना. बाबांना इथे कोण हाक मारतंय, असं क्षणभर वाटलं. ते दुरुस्त करायला तीन फेऱ्या झाल्या. म्हणून खिडकी सोडण्याआधी कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामाच ठेवायला सांगा.

थोडं स्थिरावलात की 'सेर्तिफिकादो दिखिताल', म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र काढा. एकदाच समक्ष जाऊन ओळख पटवावी लागते, मग निम्म्या खेपा घरबसल्या वाचतात.

घर

कोंबडी आधी की अंडं, तसा प्रकार आहे. पाद्रोनला घर लागतं आणि घरमालकाला शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या लागतात, त्या नव्या माणसाकडे कुठून असणार? पहिला महिनाभर तात्पुरती जागा घ्या, नोकरीचा करार हातात ठेवा आणि घरं समक्ष बघा. न बघता बुकिंगचे पैसे पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो" असं म्हणणारा मालक मालक नसतोच.

कायदा भाडेकरूच्या बऱ्यापैकी बाजूने आहे. राहत्या घराचं डिपॉझिट एक महिन्याचं, त्यावर जास्तीत जास्त दोन महिन्यांची जादा हमी मागता येते. मालक व्यक्ती असेल तर भाडेकरूला ५ वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क असतो. २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर एजंटाची दलाली मालकाने द्यायची. पळवाट अशी की करारावर 'तेम्पोरादा' म्हणजे हंगामी वास्तव्य असं लिहून ११ महिन्यांचा करार करतात, मग यातलं बरंच लागू होत नाही. तो शब्द दिसला की सही करण्याआधी थांबा.

घर बघताना ऊन कुठल्या खोलीत येतं ते बघा. व्हॅलेन्सिया उबदार म्हणून लोक येतात आणि जानेवारीत घरात स्वेटर घालून बसतात. पुष्कळ घरांना हीटिंग नसतं, आणि दमट हवेने भिंती घाम फुटल्यासारख्या ओलसर होतात. विजेचा मंजूर लोड विचारा. तो कमी असेल तर गीझर, ओव्हन आणि वॉशिंग मशिन एकदम लावलं की घर अंधारात. आणि गॅस पाइपचा की नारिंगी सिलिंडरचा, तेही विचारा. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना सिलिंडरचा विषय फार जिव्हाळ्याचा होतो.

इमारत म्हणजे सोसायटीच

'कोमुनिदाद दे वेसिनोस' म्हणजे आपली हाउसिंग सोसायटी. १९६० चा कायदा आहे त्यासाठी. अध्यक्ष निवडून देतात, कुणी तयार नसेल तर पाळीने नाही तर चिठ्ठी टाकून, आणि हात वर न करण्याची कला दोन्ही देशांत सारखीच विकसित झाली आहे. हिशेब बघायला पगारी 'आद्मिनिस्त्रादोर' असतो. लिफ्ट बदलायची, गच्ची गळते, असा मोठा खर्च निघाला की 'देर्रामा' काढतात, म्हणजे जादा वर्गणी. ती मालकाने भरायची. करारात भाडेकरूवर ढकलली आहे का, ते वाचा.

तुम्ही भाडेकरू, तुम्हाला सभेत मत नाही. पण जिन्यात मत आहे. लिफ्टमध्ये शिरताना "बुएनोस दिआस" आणि बाहेर पडताना "हास्ता लुएगो" म्हणायचंच, माणूस ओळखीचा असो वा नसो. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये शिरतानासुद्धा. आपल्याकडे अनोळखी माणसाकडे बघून नुसती मान हलवली तरी पुरते. इथे न बोलता आत शिरलात तर माणूस आढ्यतेखोर आहे असा शिक्का बसतो. पहिलं वर्षभर मी गप्प असायची, लाजून. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नंतर सांगितलं, "आम्हाला वाटलं तुला आम्ही आवडत नाही."

बाजारातही तसंच. मासळीच्या किंवा भाजीच्या गाळ्यापुढे रांग दिसत नाही, घोळका दिसतो. पण रांग असते, ती लोकांच्या डोक्यात असते. गेल्या गेल्या मोठ्याने विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?" शेवटचं कोण? कुणीतरी "यो" म्हणतं. आता त्या माणसावर डोळा ठेवायचा आणि पुढचा येऊन विचारेल तेव्हा तुम्ही "यो" म्हणायचं. स्पॅनिशमधलं माझं पहिलं बिनचूक, योग्य जागी पडलेलं वाक्य हा एवढा एकच शब्द होता.

भाषा: मराठी माणसाची छुपी शिदोरी

इंग्रजीवर निभेल या भ्रमात येऊ नका. ऑफिसात निभेल, प्लंबरपाशी नाही. पण घाबरूही नका. आपल्याकडे जे आहे ते इंग्रजांकडे नाही. त्यांचा 'ट' आयुष्यभर सुटत नाही, आपण पहिल्या दिवसापासून स्वच्छ 'त' आणि 'द' म्हणतो. लिहिलं तसं वाचायचं हेही आपल्याला नवं नाही. फक्त 'एच' मुका असतो, 'जे' हा खरखरीत 'ख' होतो आणि 'व्ही' चा उच्चार 'ब' होतो.

व्याकरणात तर मजाच आहे. "मे गुस्ता एल काफे" हे वाक्य इंग्रज लोकांना महिनाभर छळतं, कारण त्यात आवडणारा कर्ता नाही. आपण म्हणतो "मला कॉफी आवडते." तेच आहे! आंबा आवडतो, आंबे आवडतात, गुस्ता, गुस्तान. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूमागे जातं. वस्तूंना लिंग असतं याचाही आपल्याला धक्का बसत नाही, फक्त नपुंसकलिंगी नामं नाहीत. आपली खरी दमछाक होते ती 'आहे' साठीच्या दोन क्रियापदांनी, 'सेर' आणि 'एस्तार'. तिथे घोकंपट्टीला इलाज नाही. शिकताना मनात इंग्रजी आणू नका, सरळ मराठीतून स्पॅनिशमध्ये उडी मारा.

शिकायला सरकारी 'एस्कुएला ओफिसियाल दे इदिओमास' आहे, फी खाजगी क्लासच्या मानाने किरकोळ. प्रवेशाची मुदत ठरावीक असते, ती चुकवू नका. प्रौढांच्या सरकारी शाळांतही परदेशी लोकांसाठी वर्ग असतात. शिवाय बारमध्ये 'इंतेरकाम्बियो' भरतात. अर्धा तास तुम्ही इंग्रजी बोला, अर्धा तास ते स्पॅनिश. खरं सांगू? तिथे परदेशीच जास्त भेटतात. माझं स्पॅनिश सुधारलं ते आमच्या इमारतीखालच्या बेकरीवालीमुळे, तिला एक अक्षर इंग्रजी येत नाही म्हणून.

आणि इथे दुसरी भाषा आहे, व्हॅलेन्सियन. १९८२ च्या प्रांतिक कायद्याने तिला स्पॅनिशच्या बरोबरीचा दर्जा आहे. पाट्यांवर, शाळेत, महापालिकेच्या पत्रांत ती भेटेल. ती बोलता यावी अशी कुणाची अपेक्षा नसते, पण "बोन दिया" आणि "ग्रासिएस" म्हणून बघा. बेळगावात कुणा कानडी माणसाने "कसं काय, बरं आहे ना?" विचारल्यावर आपला चेहरा होतो तसा समोरच्याचा होतो.

पोटाची सोय आणि घड्याळ

जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. देश १९४० पासून मध्य युरोपच्या वेळेवर चालतो, त्यामुळे सूर्य आणि घड्याळ यांचं पटत नाही. कार्यालयं बहुतेक दुपारी दोनला बंद, रविवारी दुकानं बंद आणि ऑगस्टमध्ये सगळंच अर्धवट. ऑगस्टमध्ये एकही काम सुरू करू नका.

शाकाहारी असाल तर "सिन कार्ने" म्हणजे 'मांस नको' एवढ्यावर भागत नाही. सॅलडवर ट्यूना येतो, कारण तो मासा. घेवड्यावर हॅमचे तुकडे येतात, कारण ते 'थोडंसंच' असतं. एकेक नाव घेऊन सांगा: हॅम नको, ट्यूना नको, कोंबडीचं पाणी नको. पिस्तो (परतून शिजवलेल्या भाज्या), बटाट्याचं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप) हे बिनधास्त मागवा. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात, म्हणजे पसरट कढईत शिजवलेल्या इथल्या भातात, कोंबडी आणि ससा असतो. भाज्यांचा पाएया मागितलात तर मिळेल, पण त्याला 'पाएया' म्हणावं की नुसता 'भात' यावर शेजारच्या टेबलावर वाद सुरू होऊ शकतो.

ओळखी व्हायला सगळ्यात चांगली वेळ मात्र जेवणाची नव्हे. सकाळी दहाच्या आसपासची 'एस्मोर्सारेत' म्हणजे इथली न्याहारी. वीतभर पावाचा भरगच्च बोकादियो, मधे ऑलिव्ह आणि सालासकट भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, शेवटी 'क्रेमाएत', म्हणजे रम पेटवून तिच्यावर ओतलेली कॉफी. गवंडी, बँकेतले साहेब, निवृत्त मास्तर, सगळे त्याच काउंटरवर. शेंगांची टरफलं पडत असतात आणि फुटबॉल, पाऊस, महापौर यांचा समाचार चालू असतो. एक बार धरा, एक वार धरा आणि ठरल्या वेळी जात राहा. लसणीच्या कोवळ्या पातीचं ऑम्लेट घातलेला बोकादियो मागवा. पाचव्या-सहाव्या खेपेला मालक न विचारता तोच समोर ठेवतो. माझ्या बाबतीत पुढच्याच आठवड्यात त्याने मला एका इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला, जो मला गुगलवर महिनाभर मिळाला नव्हता.

फाया, म्हणजे गल्लीतलं मंडळ

मराठी माणसासाठी हे शहर का सोपं आहे, तर इथे गणेश मंडळासारखी मंडळं आहेत. शहरात साडेतीनशेहून जास्त 'फाया' समित्या आहेत. प्रत्येकीचा अध्यक्ष, महिन्याची वर्गणी, 'कासाल' नावाची जागा, जिथे वर्षभर जेवणावळी, पत्त्यांचे डाव आणि भांडणं चालतात. मार्चमध्ये लाकूड, कागद आणि थर्माकोलचे अवाढव्य पुतळे चौकाचौकात उभे राहतात, राजकारण्यांची टिंगल करणारे. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला महापालिकेच्या चौकात 'मास्क्लेता', फटाक्यांचा असा कडकडाट की छातीत ठोके जाणवतात. १९ च्या रात्री सगळं पेटवून देतात. आपण बुडवतो, हे जाळतात. २०१६ पासून हा उत्सव युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

सभासद व्हायला परदेशी असण्याची आडकाठी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासालचं दार उघडं दिसलं की आत जा आणि वर्गणी किती ते विचारा. मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळी समिती असते. मला पहिल्या वर्षी कांदे चिरायला बसवलं. दोन तास कुणी नीट बोललं नाही. तिसऱ्या तासाला एका आजींनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, "अशी नाही, अशी" म्हणाल्या, आणि तिथून पुढे मी त्यांची.

तान्हं बाळ किंवा कुत्रा घरात असेल तर त्या आठवड्यात गावाबाहेर जा. सकाळी आठला गल्लीत फटाके लावून झोपमोड करणं हा अधिकृत कार्यक्रम आहे.

कासालमधली ओळख नुसत्या सणाची नसते, हे २९ ऑक्टोबर २०२४ नंतर कळलं. दक्षिणेकडच्या गावांत पूर आला, दोनशेहून जास्त माणसं गेली. शहर वाचलं, कारण १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीचं पात्रच शहराबाहेर वळवलं होतं. जुन्या पात्रात आता बाग आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हजारो लोक झाडू-फावडी घेऊन नव्या पात्रावरचा पूल चालत ओलांडत होते. कासालच्या ग्रुपवर मेसेज आला, "नऊ वाजता, रबरी बूट घालून." २०१९ च्या पुरानंतर माहेरी ज्या वासाचा चिखल उपसला होता, तोच वास होता. त्या दिवशी मला कुणीही "तू कुठली?" असं विचारलं नाही.

बाकीचं भराभर

नोकरी लागली की सामाजिक सुरक्षा क्रमांक आणि पाद्रोन घेऊन जवळच्या 'सेंत्रो दे सालुद' म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जा, तिथे 'सिप' हे आरोग्य कार्ड आणि तुमचे ठरलेले डॉक्टर मिळतात. आणीबाणीसाठी ११२.

भारतीय लायसन्स निवास मिळाल्यापासून ६ महिने चालतं. मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा पहिल्यापासून.

वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की जगभरच्या उत्पन्नावर इथे कर. सांगलीतल्या एफडीचं व्याजही त्यात आलं, आणि तिकडे करमुक्त असलेलं व्याज इथेही तसंच असेल असं धरू नका. परदेशातल्या ठेवी किंवा घर यांपैकी एखाद्या प्रकारची मालमत्ता ५०,००० युरोंवर असेल तर ३१ मार्चपर्यंत 'मोदेलो ७२०' भरायचा. यात खेस्तोरची फी वाचवू नका.

५ वर्षांनी दीर्घकालीन निवास मिळतो. नागरिकत्वाला भारतीयांना १० वर्षं, भाषेची ए-२ परीक्षा आणि २५ प्रश्नांची सामान्यज्ञान परीक्षा. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट परत करावा लागतो. आमच्या घरात हा विषय दर दिवाळीला निघतो आणि फराळाबरोबर संपतो.

एक राहिलंच. नोव्हेंबर उजाडला की बारच्या काउंटरमागे लॉटरीच्या तिकिटांची चवड लागते. नाताळची सोडत २२ डिसेंबरला असते, एक 'देसिमो', म्हणजे तिकिटाचा दहावा हिस्सा, २० युरोंचा. बारचा एक नंबर, ऑफिसचा एक, कासालचा एक, आणि सगळे तोच घेतात. लागावा म्हणून नव्हे. समजा लागला, सगळी गल्ली श्रीमंत झाली आणि आपणच तेवढे राहिलो, तर जिन्यात तोंड कसं दाखवायचं? माझ्याकडे यंदा तीन आहेत, फ्रिजवर कुलदैवताच्या चुंबकाखाली.